नमुना २२ आणि तवसाळची फेरीबोट



बालसंरक्षणातल्या कार्यकर्त्यांची ही परिषद वेळणेश्वरला घेतलीत, हे फार बरं केलंत. इथलं एखादं मूल बाल कल्याण समितीपुढे हजर करायचं तर कार्यकर्ती त्याला घेऊन तवसाळला जाते, फेरीबोटीनं खाडी ओलांडते, जयगडला उतरते आणि तिथून रत्नागिरी गाठते. २०१५च्या बाल न्याय कायद्यानं मूल हजर करायला चोवीस तास दिलेत, ‘प्रवासाचा वेळ वगळून’. हे तीन शब्द घालणाऱ्यानं कोकण पाहिलेलं असावं.

आज मी दुर्घटनेनंतर आपण काय करतो, यावर बोलणार आहे. बदलापूर आपल्याला लांबचं नाही. या पंचक्रोशीतल्या किती घरांतली नातवंडं आज बदलापूर, विरार, दिव्याच्या शाळांत आहेत! ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या एका शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाले. तक्रार नोंदवायला गेलेल्या पालकांना पोलीस ठाण्यात ताटकळावं लागलं. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. महिन्याभरानं आरोपी पोलिसांच्या गोळीनं मेला आणि पेढे वाटले गेले. शासनानं शाळांना कॅमेऱ्यांचे आदेश दिले, कर्मचाऱ्यांची पडताळणी सांगितली.

कॅमेरे लावा, माझी ना नाही. पण तिथं कॅमेऱ्याआधी माणसं कमी पडली. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांबाबतच्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हा कायदा २०१२चा. मुलांच्या सुरक्षेसाठी शाळांत सखी सावित्री समित्या नेमायचा शासन निर्णय २०२२चा. म्हणजे कागद तयार होते. मग शाळेत ज्यांच्या कानावर गेलं त्यांनी ते दाबून का ठेवलं? संस्थेच्या नावाची भीती, नोकरीची भीती, की कळवायचं कुणाला हेच ठाऊक नव्हतं? फौजदारी खटल्याचं काम गुन्हा कुणी केला हे ठरवण्याचं. व्यवस्थेतलं कोण का गप्प बसलं, हे दर दुर्घटनेनंतर हमखास खोलात जाऊन विचारणारी यंत्रणा आपल्या कायद्यात नाही.

इंग्लंडमध्ये ती आहे, पण तिच्यासाठी त्यांनी मोजलेली किंमतही ऐका. १९७३ मध्ये ब्रायटनला मारिया कोलवेल ही सात वर्षांची मुलगी सावत्र बापाच्या मारानं मेली. तिथून चौकशी अहवालांची परंपरा सुरू झाली. २००० साली लंडनच्या हॅरिंगे भागातली व्हिक्टोरिया क्लिंबिए ही मुलगी घरातल्या छळानं गेली. लॉर्ड लॅमिंग यांच्या अहवालात १०८ शिफारशी होत्या. तरी २००७ मध्ये त्याच हॅरिंगे भागात पीटर नावाचं सतरा महिन्यांचं बाळ गेलं, तेही अधिकारी, डॉक्टर, कार्यकर्ते त्याला वरचेवर पाहत असताना. वर्तमानपत्रांनी मोहीम उघडली, मंत्र्यांनी विभागप्रमुख बाईंना टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर पदावरून दूर केलं. पुढे न्यायालयानं ती कारवाई बेकायदा ठरवली. पण तोवर तरुण मंडळी या कामाला बिचकू लागली होती. २०११ मध्ये प्राध्यापक आयलीन मन्रो यांनी अहवालात दाखवून दिलं, की प्रत्येक दुर्घटनेनंतर नियम वाढत गेले आणि कार्यकर्त्यांचा मुलांसोबतचा वेळ आटत गेला.

आपल्या महाराष्ट्रातही एक उलटा दाखला आहे. शहापूर तालुक्यात कवडासच्या मतिमंद मुलांच्या वसतिगृहातले मृत्यू २०१० मध्ये गाजले. उच्च न्यायालयानं स्वतःहून याचिका दाखल करून घेतली. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या डॉ. आशा बाजपेयी यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि अशा संस्थांची पाहणी सुरू झाली. कळंबोलीच्या संस्थेतल्या मुलींचे हाल २०११ मध्ये बाहेर आले. २०१३ मध्ये सत्र न्यायालयानं संचालकाला फाशी सुनावली, ती बातमी सर्वांच्या लक्षात आहे. माझ्या लेखी त्याआधीची गोष्ट मोठी: नीट बोलूही न शकणाऱ्या मुलींपाशी कुणीतरी बसलं आणि त्यांचं म्हणणं समजून घेतलं. समाजकार्याचं शिक्षण घ्यायचं ते याचसाठी.

आता आपल्या हातातला नमुना २२ बघा. सामाजिक तपासणी अहवाल. कायद्यानं पंधरा दिवस दिलेत. घर कच्चं की पक्कं, उत्पन्न किती, व्यसन कुणाला, आजार कोणता, सगळे रकाने भरता येतात. मागच्या आंब्याच्या हंगामात एका तरुण कार्यकर्तीसोबत मी एका बागेत गेलो होतो. कलमांच्या खाली राखणीची खोपी, नेपाळी जोडपं, सहा-सात वर्षांची मुलगी. आई फवारणीवाल्यांसाठी पाणी शेंदत होती. आमची ताई रकाने भरत बसली नाही. तिनं मुलीला विचारलं, “रात्री बाबा बागेत फेरी मारायला जातात, तेव्हा तू कुणाजवळ झोपतेस?” मुलीनं आईकडे पाहिलं, मग शेजारच्या खोपीकडे. ताई तिसऱ्या दिवशी पुन्हा गेली. नमुन्यात ‘रात्री कुणाजवळ’ असा रकाना नाही.

राखणदारांची ही मुलं थंडीत येतात, आंबा उतरला की जातात. चिरेखाणीवरच्या मजुरांची मुलं, बोटीवरच्या खलाशांची मुलं तशीच. गावाच्या हजेरीपटावर ती नाहीत, म्हणून ग्राम बाल संरक्षण समितीच्या वहीतही नाहीत. त्या समितीच्या सभा बऱ्याच ठिकाणी ग्रामसभेच्या शेपटाला उरकतात. सरपंच सही करतात, ताई इतिवृत्त लिहितात, सगळे चहा घेतात.

आणि ज्या ताईनं तिसऱ्या दिवशी जायचं, ती कंत्राटी. जिल्हा बाल संरक्षण कक्षातले बहुतेक सहकारी असेच. मुदत संपत आली की मुलांच्या फायलीआधी स्वतःच्या नेमणुकीची फाईल बघावी लागते. मुलांच्या मदतवाहिनीचा १०९८ हा क्रमांक १९९६ पासून मुंबईत स्वयंसेवी चळवळ म्हणून उभा राहिला, २०२३ मध्ये तो शासनाच्या यंत्रणेत गेला. जाऊ दे, शासनाचंच ते काम. पण फोन उचलल्यावर गाडीत बसून जाणारं माणूस टिकाऊ हवं. वैद्यकीय आणि मनोसामाजिक कामातले समाजकार्यकर्ते २०२१च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्यात आले. बालसंरक्षणातल्या आपल्याला मात्र वकिलांसारखी परिषद नाही, नोंदणी नाही. त्यामुळे चूक झाली की आपला न्याय वर्तमानपत्रात होतो.

दुपारी ठराव येतील. मसुदा मी वाचलाय. दुसऱ्या ठरावात मुलाचा मृत्यू किंवा गंभीर अत्याचार झाल्यास जिल्हा पातळीवर शिक्षेपासून अलग असा आढावा घेण्याबाबत ‘शासनानं विचार करावा’ असं लिहिलंय. ‘विचार करावा’ काढा. कुणी घ्यावा, किती दिवसांत घ्यावा आणि अहवाल कोणत्या कार्यालयात सर्वांना वाचायला ठेवावा, तेवढं लिहा. चौथ्यात कार्यकर्त्यामागे किती मुलं असावीत याचा आकडा कोरा सोडलाय. तो सभागृहातल्या ताईंना विचारून भरावा, व्यासपीठावरून नको.