आक्रमक खेळासाठी लाकडी ब्लेड

टेबल टेनिसच्या नियमांनुसार ब्लेडच्या जाडीत किमान ८५ टक्के नैसर्गिक लाकूड असावं लागतं. कार्बनसारख्या धाग्यांचा पातळ थर चालतो. निव्वळ लाकडी ब्लेडमध्ये तोही नसतो.

आक्रमक खेळाडूपुढे मुख्यतः पाच किंवा सात थरांचा पर्याय असतो. पाच थरांचं ब्लेड किंचित लवतं, चेंडू रबरावर क्षणभर रेंगाळतो आणि टॉपस्पिनला भरपूर फिरकी मिळते. स्टिगाच्या क्लिपरसारखं सात थरांचं ब्लेड जाड आणि ताठ. टेबलालगतचे ब्लॉक आणि स्मॅश त्यावर खणखणीत बसतात. गाभा बहुधा हलक्या आयूस लाकडाचा. चेंडूचा स्पर्श मात्र बाहेरच्या थरावर फार अवलंबून असतो: लिंबा मऊ, चेंडू धरणारं, कोटो कडक, चेंडू झटकन सोडणारं. टॉपस्पिन अजून घडत असेल, तर पाच थर आणि लिंबा हीच निवड योग्य.

वजन काट्यावरच पाहावं. लाकूड नैसर्गिक असल्याने एकाच मॉडेलच्या दोन ब्लेडांत काही ग्रॅमचा फरक सहज पडतो. ८५ ते ९० ग्रॅम बहुतेकांना पेलतं. जाड रबरं चढवल्यावर पूर्ण बॅट १८० ग्रॅमच्या आसपास जाते, आणि मनगटाला फिरवायची असते ती पूर्ण बॅट.