रकाने कोण आखतं?

(स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या शिबिरातील भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत 'ऑनलाइन दुकानातले फिल्टर' हा विषय वाचून काहीजणी हसल्या असतील. पोटगी, रेशन, घरातली मारहाण या आपल्या नेहमीच्या विषयांत हे कुठून आलं? एम.एस.डब्ल्यू. करताना मलाही हे कुणी शिकवलं नव्हतं. मी नाशिक जिल्ह्यात बचत गटांबरोबर काम करते. आमच्या गटांनी मिळून मोबाइलवरून माल विकणारं दुकान काढलं, आणि तिथे जे घडलं ते आज सांगणार आहे.

सुरुवातीला माल थोडा होता. गिऱ्हाईक यादी खालपर्यंत पाहायचं. पुढे पापड, मसाले, लोणची, गोधड्या, कुंच्या अशी यादी लांबत गेली आणि फोन येऊ लागले, "ताई, काही सापडत नाही." मग दुकान बांधून देणारा मुलगा म्हणाला, फिल्टर लावू. म्हणजे चाळणीच. गिऱ्हाइकाने 'पापड' निवडलं की फक्त पापड दिसणार, 'नाचणी' निवडलं की फक्त नाचणीचे.

फिल्टर लागले. विक्री वाढली. पण त्र्यंबकच्या बाजूच्या एका आदिवासी गटाला महिनाभर एकही ऑर्डर आली नाही. गटातल्या मावशींनी विचारलं, "आमचे पापड काढून टाकले का गं?" काढले नव्हते. मी फोनवर शोधून पाहिलं. पूर्ण यादीत ते होते, पण 'नाचणी' निवडली की नाहीसे होत होते.

कारण साधं होतं. फॉर्ममध्ये त्यांनी धान्याच्या रकान्यात 'नागली' लिहिलं होतं. त्या भागात नागलीच म्हणतात. यादी शहरात बसून केली होती, तिच्यात फक्त 'नाचणी' होती. वजनाचा रकाना तर कोराच होता. वजन त्यांनी खाली वर्णनात लिहिलं होतं आणि फिल्टर वर्णन वाचत नाही, तो फक्त रकाने वाचतो. शिवाय वेगवेगळे फिल्टर एकत्र लावले की त्यांच्यात 'आणि' असतो. नाचणी आणि अर्धा किलो, दोन्ही जुळलं तरच माल दिसणार. एक रकाना कोरा राहिला की तो निवडणाऱ्या गिऱ्हाइकापुरता तो माल दुकानात नाहीच.

तेव्हा मला जनगणना आठवली. २०११ च्या जनगणनेतही केवळ घरकाम करणारी बाई 'काम न करणाऱ्यां'तच मोजली गेली. ती राबत नव्हती असं नाही. तिच्या राबण्याला 'काम' मानणारा रकाना नव्हता. हा अनुभव आपल्याला नवा नाही, फक्त जागा नवी आहे.

दुरुस्ती बैठकीत झाली. यादीत 'नाचणी (नागली)' असा एकच पर्याय केला. ग्रॅम की किलो हे एकदा ठरवलं. रकाने भरल्याशिवाय माल चढवायचा नाही असा नियम केला, आणि भरायला प्रत्येक गटातल्या दोघी शिकल्या.

मग गोधडीचा प्रश्न आला. दुकान उघडलं की 'स्वस्त माल आधी' अशी मांडणी असायची. महिनाभर हाताने टाके घालून शिवलेली गोधडी शेवटच्या पानावर. तिथवर कोण जातं? बाईच्या श्रमाची किंमत लावली की तिचा माल मागे ढकलायचा, हा न्याय कोणता? आता नवा माल आधी दिसतो, आणि किमतीचा फिल्टर त्या-त्या प्रकारापुरता आहे. गोधडीची तुलना गोधडीशी, पापडाशी नाही. 'हाताने शिवलेली' असा एक रकानाही आम्ही वाढवला.

सगळ्यात अवघड बैठक नावाची झाली. त्या मुलाने सुचवलं, 'बनवणारी कोण' असाही फिल्टर ठेवू, पूर्ण नावासकट. आम्हाला आनंद झाला. बाईचं नाव दिसणार! एक मैत्रीण गप्प होती. शेवटी म्हणाली, "आडनाव लावलं तर माझे पापड कोण घेईल? प्रदर्शनात नाव विचारून पाकीट खाली ठेवलेलं मी पाहिलंय." सगळ्या शांत झाल्या. जात पाहून माल निवडायची सोय आम्हीच करून देणार होतो.

त्यावर दुसरी एक मैत्रीण म्हणाली, "आपण लपायचं म्हणजे त्यांचंच खरं करायचं." तिचंही चूक नव्हतं. आम्ही ठरवलं की फिल्टर गावाचा आणि गटाचा ठेवायचा, आडनावाचा नाही. मालाच्या पानावर नाव कसं लिहायचं ते जिचं तिने ठरवायचं. गप्प बसलेल्या त्या मैत्रिणीने पुढे स्वतःहून पूर्ण नाव लिहिलं. दुसऱ्या दोघींनी नाही. हा वाद आमच्यात अजून चालू आहे आणि तो चालू राहावा असं मला वाटतं.

एखादा रकाना नाकारता येतो, हे लक्षात ठेवा. शादी डॉट कॉम या लग्न जुळवणाऱ्या संकेतस्थळावर कातडीच्या रंगावरून स्थळं शोधायचा पर्याय होता. बायकांनी आवाज उठवला, सह्यांची मोहीम केली आणि २०२० साली तो पर्याय काढावा लागला. पर्याय काढल्याने गोऱ्या रंगाचा हव्यास गेला नाही. पण त्या हव्यासाला दिलेली सोय तरी गेली.

तुमचे गट आज ना उद्या असं दुकान काढतील. बांधून देणारा तुम्हाला म्हणेल, "ताई, हे तांत्रिक आहे, तुम्ही नका काळजी करू." तिथेच थांबा. रकान्यांची यादी मागा, ती बैठकीत मोठ्याने वाचा. कुणाचा शब्द तिच्यात नाही, कुणाचा माल कोऱ्या रकान्यामुळे गळतो, कोणता रकाना कुणाला दुखावतो, हे त्या-त्या बाईलाच विचारा. आणि फिल्टर लागल्यावर प्रत्येकीने आपला माल गिऱ्हाइकासारखा शोधून पाहा.

आमच्या मावशी आता दर सोमवारी नातीच्या फोनवर 'नाचणी' निवडतात आणि आपले पापड दिसतात का ते पाहतात. दिसले नाहीत तर पहिला फोन मला येतो.