चपलेचा जोड

मायबापहो, दिवाळीच्या सुट्टीत पंढरपूरला गेलात तर बघा. बाप दोन लेकरं घेऊन तासन्‌तास बारीत उभा. दर्शन झालं, नामदेव पायरीला हात लावला, वळून बघतो तर धाकट्याची नवी चप्पल गायब! पोरानं भोकाड पसरलं. सगळ्या सुट्टीचा विचका! थोरली पोर ढिगातला दुसऱ्याचा जोड उचलते, "बाबा, ही घ्या की, ह्याला बसते बघा!"

चोरानं नेली ती चप्पल, चार पैशांची. पण आता तुमचा हात कुठं जातो, हे दोन जोडी डोळे बघतायत. विठोबा तर आत उभाच आहे.

जोड जागेवर ठेवायला सांगा. धाकट्याला खांद्यावर घ्या, घाट उतरा, होडीत बसवून विष्णुपदाला न्या. रडं काही तिथपर्यंत टिकत नाही.