जाणं वेगळं, राहणं वेगळं

(यवतमाळ येथे व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान, संक्षिप्त)



दारव्हा-दिग्रसपासून वणी-पांढरकवड्यापर्यंत, मुलगा किंवा मुलगी परदेशात असलेली घरं आता आपल्या जिल्ह्यातही सापडतात. त्या घरांत फोनवर एक प्रश्न ठरलेला असतो, 'तिकडंच राहणार का रे?' आणि उत्तरही ठरलेलं, 'बघू.' जाण्याचा निर्णय आपण पेढे वाटून घेतो. तिथंच राहण्याचा निर्णय मात्र घेतच नाही, तो आपोआप होऊन बसतो. माझी तक्रार जाण्याबद्दल नाही, या आपोआप होण्याबद्दल आहे.

वर्धा नदीपलीकडच्या एका माणसाचं उदाहरण घेऊ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. ऐन तरुणपणी, 1906 च्या सुमारास, क्रांतीच्या ध्यासानं त्यांनी देश सोडला. जपानमार्गे अमेरिकेत गेले, ऑरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांत शेतीशास्त्र शिकले, तिथल्या भारतीय क्रांतिकारकांच्या गदर चळवळीत उतरले. पहिल्या महायुद्धात इराणमध्ये इंग्रजांविरुद्ध लढले. नंतर बर्लिन झालं, मॉस्को झालं. यांपैकी कुठंच ते स्थिरावले नाहीत. 1924 मध्ये मेक्सिकोत पोचले आणि तिथं मात्र तीन दशकं राहिले.

मेक्सिकोच का? बर्लिन-मॉस्कोत त्यांचं राहणं दुसऱ्यांच्या राजकारणावर अवलंबून होतं. मेक्सिकोत क्रांतीनंतर जमिनीचं फेरवाटप सुरू होतं. नव्यानं वावर मिळालेल्या कास्तकाराला चांगलं बियाणं हवं होतं, शेतीचं शिक्षण हवं होतं. खानखोजे चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले, मक्याच्या वाणांवर संशोधन केलं, शेतकऱ्यांसाठी मुक्त शेतीशाळा काढल्या. शिकवायचं स्पॅनिशमध्ये. चित्रकार दिएगो रिव्हेरानं मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांना चितारलं. 1936 मध्ये लग्न झालं, पुढं दोन मुली झाल्या. काम, भाषा, माणसं, या तिन्हींनी त्यांना तिथलं केलं. पगार आणि हवामानाचे तक्ते मांडून ते तिथं राहिले नव्हते.

आपल्या वणीच्या लोकनायक बापूजी अण्यांचं प्रकरण याच्या उलट. 1943 ते 1947 ते भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून सिलोनमध्ये होते. काम ठरलेलं होतं, ते संपलं आणि ते परतले. तिथं स्थायिक होण्याचा प्रश्नच आला नाही.

आजची आपली मुलं या दोघांच्या मधे अडकलेली दिसतात. अमेरिकेतला एच-वन-बी व्हिसा नोकरीला बांधलेला असतो. नोकरी सुटली की दुसरी शोधायला साधारण 60 दिवस. ग्रीनकार्डाच्या वाटपात कुठल्याही एका देशाला 7 टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे भारतीयांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही. रांगेत उभं असतानाच घर घेतलं जातं, मुलं शाळेत जाऊ लागतात, आणि मग परतायचं म्हटलं की त्या मुलांचं गाव बदलावं लागतं. राहायचं असं कुणीच ठरवलेलं नसतं, तरी ते ठरलेलं असतं. जर्मनीत ब्लू कार्डवाल्याला, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदाराला, बी-वन पातळीची जर्मन येत असेल तर 21 महिन्यांत, जेमतेम ए-वन येत असेल तर 27 महिन्यांत कायम वास्तव्याचा परवाना मिळू शकतो. म्हणजे तिथं प्रश्न लवकर समोर येतो, आणि भाषेसकट येतो.

आता आपल्याकडची बाजू. परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. ओसीआय कार्ड मिळतं, पण त्यानं मतदान करता येत नाही. 'वावर आहे तर पॉवर आहे' म्हणणाऱ्या आपल्या लोकांनी हेही लक्षात घ्यावं: वडिलोपार्जित वावर वारसाहक्कानं मिळतं, पण परदेशी स्थायिक झालेल्याला नवी शेतजमीन सहसा विकत घेता येत नाही. या गोष्टी घरात बसून, सातबारा समोर ठेवून बोलायच्या असतात.

परतण्याचंही उदाहरण खानखोज्यांचंच. त्यांच्या परतीची वाट ब्रिटिश सरकारनं अडवली होती. स्वातंत्र्यानंतर ती मोकळी झाली. 1955 च्या सुमारास ते नागपुरात राहायला आले आणि 1967 मध्ये तिथंच वारले. जवळपास अर्धशतकानं परतलेल्या माणसाला आपला मुलूखही नव्यानं जोडावा लागतो. परत येणं हेसुद्धा स्थायिक होणंच असतं. त्याचीही तयारी लागते, नोकरीची, मुलांच्या शाळेची, म्हाताऱ्या आईवडिलांची.

म्हणून माझं सांगणं एवढंच. जाताना मुदत ठरवा, तीन वर्षं म्हणा, पाच म्हणा. मुदत संपली की कंपनीचं नाव बाजूला ठेवून विचारा: ही नोकरी गेली तरी या शहरात माझं काम उरेल का? तिथल्या भाषेत माझं भांडण आणि मैत्री दोन्ही होतात का? आणि आईवडिलांचं आजारपण आलं तर कोण, कसं पाहणार? उत्तरं जुळत असतील तर खुशाल राहा, मनात अपराधीपणा न ठेवता. जुळत नसतील तर या. आईवडिलांनीही दर रविवारी 'कधी येतोस' म्हणण्यापेक्षा आपल्याला नेमकं काय हवं ते स्पष्ट सांगावं. दोन्हीकडचा संकोच सुटला, तर निर्णय कोणताही असो, तो त्या घरानं घेतलेला असेल.