पान हलेना
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान, संक्षिप्त)



आठ जीबी मेमरीचं यंत्र आहे. त्यातली दोन जीबी मोकळी आहे. तरीही एखाद्या प्रोग्रॅमने दोन एमबीचं सलग मोठं पान मागितलं, तर कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, हात वर करू शकतं. मोकळी जागा आहे, पण विखुरलेली. मेमरीचं पान सहसा ४०९६ बाइटचं असतं आणि दोन एमबीच्या मोठ्या पानाला अशी ५१२ पानं एकाला एक लागून हवीत. मधलं एक जरी कुणी अडवून बसलं, तर उरलेल्या ५११ चा काही उपयोग नाही.

मग ते एक पान उचलून दुसरीकडे ठेवायचं. लिनक्समध्ये ही सोय २००६ साली, २.६.१६ या आवृत्तीत आली. क्रिस्तोफ लामेटर यांचं त्यात मोठं काम आहे. तेव्हा डोळ्यांसमोर होती ती अनेक प्रोसेसरांची मोठी यंत्रं: प्रोसेस ज्या प्रोसेसरवर चालते, तिची पानं त्याच्याच जवळच्या मेमरीत असावीत, एवढाच हेतू. २०१० मध्ये मेल गॉर्मन यांनी त्यावर कॉम्पॅक्शन, म्हणजे विखुरलेली मोकळी जागा एकत्र आणणं, उभं केलं. एक शोधक खालून हलवण्याजोगी पानं गोळा करत येतो, दुसरा वरून मोकळ्या जागा हेरत येतो आणि दोघांची गाठ पडली की फेरी संपते.

चार हजार बाइट नकलायला वेळ लागत नाही. अडतं ते त्याच्या आधी. पानाला कुलूप लागतं. ज्या ज्या प्रोसेसच्या पेज टेबलमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या वहीत, त्याचा पत्ता आहे, तिथे तो खोडून ‘स्थलांतर चालू आहे’ अशी खूण ठेवली जाते. त्या अवधीत कुणी पानाला हात लावला, तर त्याने थांबायचं. मग कर्नल पानाचा संदर्भ-आकडा तपासतं: माझ्या हिशेबाने इतके जण हे पान धरून आहेत, प्रत्यक्षात किती? एक जरी जास्त निघाला तरी माघार. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न. असे दहा होतात, मग नाद सोडला जातो.

सगळी मेख त्या आकड्यात आहे. सातबाऱ्यावर हक्कदारांची नावं नसून नुसतं ‘पाच जण’ लिहिलेलं असावं, तशी ही नोंद. पाचवा कोण, हे कर्नललाच ठाऊक नसतं. तो क्षणभर डोकावलेला कुणी असेल, नाहीतर नेटवर्क कार्ड असेल, ज्याला पानाचा प्रत्यक्ष पत्ता देऊन टाकलाय आणि जे तासन्‌तास तिथे थेट लिहीत राहणार आहे. पेज टेबलातली खूण अशा कार्डाला दिसतच नाही. २०२० मध्ये ५.६ आवृत्तीत अशा ‘पिन’ वेगळ्या ओळखता याव्यात म्हणून नवी पद्धत आली. चौदा वर्षं लागली, यात मला नवल वाटत नाही. संदर्भ धरणारा कोड कर्नलभर पसरलेला आहे.

आता फाइलसिस्टिम, म्हणजे फायली सांभाळणारी व्यवस्था. फाइलचं पान हलवायचं तर त्या फाइलसिस्टिमलाच विचारावं लागतं आणि प्रत्येकीचं उत्तर निराळं. नेटवर्कवरून फायली पुरवणाऱ्या एनएफएसमध्ये त्या पानावर वाचणं-लिहिणं चालू असेल, तर ती ‘आत्ता नाही’ म्हणते. बीटीआरएफएस आपल्या नोंदींच्या वृक्षाचं अजून डिस्कवर न लिहिलेलं पान हलवू देत नाही. जिने स्वतःची सोय केलेली नाही, तिचं बदललेलं पान पूर्वी आधी डिस्कवर लिहावं लागे.

एक्स्ट४ चं प्रकरण मला फार बोलकं वाटतं. कॅमेऱ्यासारख्या उपकरणांना सलग मेमरी लागते म्हणून कर्नल एक पट्टा राखून ठेवतं. एरवी तो रिकामा पडू नये म्हणून त्यात फक्त हलवता येणारी पानं बसवायची, असा करार. डिस्कवरून वाचलेली पानं कागदोपत्री हलणारी, म्हणून एक्स्ट४ चा सुपरब्लॉकही, म्हणजे फाइलसिस्टिमची मूळ नोंद, तिथे जाऊन बसे. पण तो डिस्क अनमाउंट होईपर्यंत धरून ठेवलेला असतो! कॅमेरा जागा मागतो आणि सुपरब्लॉक हलत नाही. २०१४ मध्ये दुरुस्ती झाली ती साधी: अशी पानं मुळातच न हलणाऱ्या भागात वाचायची. माझ्या मते हाच खरा धडा. जे हलणार नाही, ते जागा घेतानाच सांगावं.

फ्यूजमध्ये मात्र एवढंही पुरत नाही. तिथे फाइलसिस्टिम चालवणारा हा एक साधा प्रोग्रॅम असतो. तो पान लिहून झाल्याचं कधी कळवेल याचा नेम नाही, मुद्दाम अडवूनही ठेवेल. म्हणून वर्षानुवर्षं फ्यूज लिहिण्याआधी पानाची वेगळी नक्कल काढत असे आणि मूळ पान मोकळं ठेवत असे. हा दुहेरी खर्च टाळावा, असं फ्यूजवाल्यांचं म्हणणं. मेमरीवाल्यांचं म्हणणं, हलणाऱ्या भागात बसलेलं पान अनिश्चित काळ अडकता कामा नये. त्यावर फ्यूजच्या बाजूने उलट सवाल आला: एनएफएसचा सर्व्हर बंद पडला तर त्याची पानं तरी कुठे सुटतात? हा सवाल मला बिनतोड वाटतो.