उरलेली अडीचशे पुस्तकं
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला ‘वाचन’ हा विषय दिला आणि ‘दहा मिनिटांत आटप’ अशी तंबीही दिली. त्यामुळे वाचनाचे फायदे सांगत बसत नाही. त्यावरचे निबंध दहावीपर्यंत आपण सगळ्यांनी पुरेसे लिहिले आहेत, आणि समोर बसलेल्या बाईंनी ते तपासलेही आहेत. आपल्या ग्रुपवर मात्र एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो : ‘आता मुलं मार्गी लागली, थोडा वेळ मिळतोय, तर काय वाचू?’ आज तेवढ्यावरच बोलतो.

आधी एक साधा हिशोब. आपण पंचावन्न ओलांडली. डोळ्यांनी साथ दिली तर आणखी वीस वर्षं नीट वाचता येईल, असं धरू. महिन्याला एक पुस्तक म्हणजे वर्षाला 12 आणि वीस वर्षांत 240. ओढूनताणून अडीचशे म्हणा. घरातल्या एका कपाटात मावतील एवढीच. आकडा ऐकून घाबरू नका, पण विसरूही नका. हाताला लागेल ते वाचण्याचे दिवस मागे पडले, आता निवड करायला हवी.

निवड म्हटलं की आपण याद्या शोधतो. ‘मरण्यापूर्वी वाचायलाच हवीत अशी 100 पुस्तकं’ असं काहीतरी सकाळी सकाळी मोबाईलवर येऊन पडतं. त्या याद्या वाईट नसतात, पण त्या दुसऱ्या कुणाच्या तरी आवडीतून तयार झालेल्या असतात. माझं म्हणणं एवढंच, की यादी करण्याआधी आपला स्वतःचा एक प्रश्न ठरवावा आणि त्या प्रश्नाच्या मागे पुस्तकं लावावीत.

उदाहरण आपल्या कुपवाडचंच घेऊ. आपण शाळेत होतो तेव्हा हे गाव होतं. बघता बघता एमआयडीसीच्या शेडांनी शिवार व्यापलं, 1998 मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महापालिका झाली, आणि आता पाहुण्यांना आपण ‘सांगलीत राहतो’ असं सांगतो. मग मनात येतं, आपण ज्याला गाव म्हणायचो ते नक्की काय होतं? हा प्रश्न घेऊन वाचायला बसलं तर यादी आपोआप तयार होते.

पहिलं पुस्तक त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’. 1915 सालचं. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, फिरस्ते, शेतकरी यांचा व्यवहार कसा चालायचा, कोण कुणाला काय द्यायचं, हे त्यात बारकाईनं मांडलं आहे. भाषा जुनी आहे, पहिली काही पानं जड जातात, पण नेट धरावा.

त्यानंतर व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’, 1955 सालची. माडगूळकर आपल्याच जिल्ह्यातले, आटपाडीकडचे. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर येतो आणि दुष्काळात ती वाडी उठून जाताना पाहतो. दोन-तीन बैठकांत संपणारी कादंबरी आहे.

मग 1959 ची ‘फकिरा’. अण्णाभाऊ साठे वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे. वारणेच्या खोऱ्यातल्या मांग समाजाचं जगणं आणि त्यांचा लढा त्यात आहे. आणि शेवटी दया पवारांचं ‘बलुतं’, 1978 चं. ‘गावगाडा’त जी व्यवस्था पद्धतशीर मांडलेली दिसते, ती महारवाड्यातून कशी दिसत होती, हे इथे कळतं.

ही चारही पुस्तकं एकेकटी चांगली आहेतच. पण एकापाठोपाठ वाचली की एक दुसऱ्याला प्रश्न विचारतं. ‘पूर्वीचं गाव किती छान होतं’ असं आपण सहज म्हणतो. ही चार वाचल्यावर ‘कुणासाठी छान?’ हे आपलं आपल्यालाच विचारावं लागतं. चार महिने आणि चार पुस्तकं, एवढ्यात आपलं एक मत तपासून होतं.

असंच जोडीनं वाचण्याचं आणखी एक उदाहरण. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ आपल्यापैकी कित्येकांनी दोन-दोनदा वाचली असेल. ती 1967 ची. त्याच वर्षी इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’ आलं. एकात कर्ण नायक आहे. दुसऱ्यात महाभारतातल्या माणसांकडे, कर्णाकडेसुद्धा, भारावून न जाता पाहिलं आहे. ज्यांना कर्ण प्रिय आहे त्यांनी ‘युगान्त’ मुद्दाम वाचावं.

एक मैत्रीण मला म्हणाली, “लग्नानंतर पेपर सोडून काही वाचलंच नाही रे, आता जमेल का?” तिला मी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ सुचवली. शाळेत न गेलेल्या बाईंनी सांगितलेलं हे आयुष्य वाचताना हसू येतं आणि घशात आवंढाही येतो. बऱ्याच वर्षांनी वाचायला लागणाऱ्यानं सुरुवात अशा पुस्तकापासून करावी, जाडजूड ग्रंथापासून नाही.

आता वर्षाच्या 12 पुस्तकांची वाटणी. सहा आपल्या प्रश्नाच्या मागची. दोन आपल्याला न पटणाऱ्या विचारांची. दोन पूर्वी वाचलेली, कारण विशीत वाचलेलं पुस्तक पंचावन्नाव्या वर्षी वेगळंच निघतं. एक परभाषेतलं, अनुवादित. आणि एक जागा रिकामी, कुणी प्रेमानं हातात ठेवेल त्यासाठी.

पुस्तक घेताना प्रस्तावना वाचा आणि मधलं कुठलंही एक पान वाचा. मुखपृष्ठ आणि मलपृष्ठावरची स्तुती यांवर जाऊ नका. अनुवाद असेल तर दोन परिच्छेद मनात मोठ्यानं म्हणून बघा, मराठी अडखळत असेल तर ठेवून द्या. आरोग्य, कायदा, गुंतवणूक या विषयांवरचं पुस्तक नव्या आवृत्तीचंच घ्या. आणि पन्नास पानांत मन लागलं नाही तर खुशाल बंद करा. ताटात वाढलेलं संपवायचं हा नियम जेवणाला ठीक आहे.

सगळं विकत घ्यायची गरज नाही. सांगलीचं जिल्हा नगर वाचनालय 1869 पासूनचं आहे. 2019 च्या महापुरात तिथली हजारो पुस्तकं भिजून गेली. अशी संस्था पुन्हा भरायची तर देणगीइतकेच नियमित सभासद लागतात. सातारा जिल्ह्यातलं भिलार 2017 पासून पुस्तकांचं गाव आहे. तिथे घराघरांत बसून पुस्तकं चाळता येतात. महाबळेश्वरला जाता तेव्हा स्ट्रॉबेरीसाठी थांबताच, तासभर पुस्तकांसाठीही थांबा.

शेवटी एक विनंती. पुढच्या मेळाव्याला प्रत्येकानं वर्षभरात वाचलेलं एक पुस्तक घेऊन यावं, ते का निवडलं हे दोन मिनिटांत सांगावं आणि जाताना दुसऱ्याचं घेऊन जावं. आणि गुरुजनहो, तुम्हीही एकेक आणा. आमच्या यादीतली ती रिकामी जागा तुमच्यासाठी राखून ठेवतो.