न भरणारी जखम आणि उन्हात रापलेली कातडी

(मंडळाच्या आरोग्य शिबिरात दिलेले व्याख्यान)



त्वचेच्या कर्करोगावर बोलायचे ठरले तेव्हा एका कार्यकर्त्याने मला विचारले, "डॉक्टरसाहेब, हा तर गोऱ्या लोकांचा रोग. आपल्याला काय त्याचे?" त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये हा रोग जगात सर्वांत जास्त आढळतो. मूळच्या युरोपीय, फिकट कातडीच्या माणसांना तिथले ऊन सोसत नाही. आपल्या कातडीतले मेलॅनीन हे रंगद्रव्य सूर्याचे अतिनील किरण बऱ्याच अंशी अडवते. सावळा रंग ही निसर्गाने दिलेली छत्री आहे. गोरे होण्याच्या मलमांवर पैसे घालविणाऱ्या मुलामुलींनी हे ध्यानात घ्यावे. त्यांतल्या काही मलमांत स्टेरॉईड असते आणि त्याने कातडी पातळ पडते.

पण छत्री म्हणजे पक्के छप्पर नव्हे. जन्मभर शेतात राबलेल्या आजोबांच्या मानेची मागची बाजू पाहा आणि मग त्यांच्याच दंडाची आतली बाजू पाहा. मान जाड, खरबरीत, आडव्यातिडव्या खोल घड्यांची असते, तर दंड मऊ असतो. वय दोन्हींचे सारखेच, फरक उन्हाने केलेला आहे. किरणांनी कातडीतले लवचीक धागे खराब होतात आणि पेशीतल्या डीएनएला इजा होते. शरीर ती दुरुस्त करीत असते, पण राहिलेल्या चुका वर्षानुवर्षे साठतात आणि एखादी पेशी बेताल वाढू लागते.

या रोगाचे मुख्य प्रकार तीन. बेसल सेल कार्सिनोमा बहुधा चेहऱ्यावर, नाकाडोळ्यांजवळ होतो. चमकदार, आपल्याकडे पुष्कळदा काळपट अशी गाठ येते, मग मध्ये उंदराने कुरतडल्यासारखा व्रण पडतो. तो दूर क्वचितच पसरतो, पण जागच्या जागी खात जातो.

दुसरा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. याच्याविषयी मला अधिक बोलायचे आहे, कारण आपल्याकडे तो उन्हाखेरीज जुन्या भाजल्याच्या डागातून आणि वर्षानुवर्षे चिघळणाऱ्या जखमेतूनही उद्भवतो. काश्मिरात थंडीत पोटाशी निखाऱ्यांची कांगडी धरतात, तिथे पोटावर व मांड्यांवर हा रोग होतो. आपल्या मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाचे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली कमरेला धोतर घट्ट आवळण्याच्या जागी होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली.

माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. लहानपणी चुलीवरचे आधण सांडून त्यांचा पाय भाजलेला. चाळीस वर्षांनी त्या डागावर जखम झाली. हळद लावली, कंपाउंडरकडून मलमपट्टी केली, असे दीड वर्ष गेले. जखमेच्या कडा कडक होऊन वर आल्या, वास येऊ लागला. कोणीही तुकडा काढून तपासला नव्हता. पाय गुडघ्याखाली काढावा लागला. आज त्या जयपूर फूट लावून चालतात, परंतु पहिल्या तीन महिन्यांत आल्या असत्या तर बहुधा तेवढी कातडी काढून भागले असते.

तिसरा मेलॅनोमा. हा सर्वांत घातक. सावळ्या माणसांत तो तळपायाला, तळहाताला, नखाखाली होतो, म्हणजे जिथे ऊन लागत नाही तिथे. जमैकाचे गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्याला तो १९७७ साली आढळला आणि १९८१ साली वयाच्या ३६ व्या वर्षी ते गेले. तीळ वाढला, त्याची कड वेडीवाकडी झाली, रंग दोन-तीन छटांचा झाला किंवा नखात काळी रेघ येऊन रुंदावू लागली, तर दाखवावे.

जाता जाता एक. कोड हा कर्करोग नव्हे, महारोगही नव्हे आणि तो संसर्गाने होत नाही. मात्र ज्यांच्या कातडीत जन्मतःच रंगद्रव्य नाही, त्यांना उन्हाचा धोका खराच मोठा. त्यांनी लांब बाह्या, टोपी, छत्री सोडू नये. इतरांनीही दुपारी अकरा ते तीन शक्यतो सावली धरावी. मजुराला ते जमत नाही हे मला ठाऊक आहे. त्याने डोक्याला व मानेला पंचा तरी बांधावा.

"चाकू लावला की कॅन्सर पसरतो," असे गावोगाव ऐकू येते. ते खरे नाही. तुकडा तपासल्याशिवाय रोग कोणता हे डॉक्टरलाही नक्की सांगता येत नाही. महिनाभरात न भरलेली जखम कोणाच्या अंगावर असेल, तर मी इथेच शेजारच्या खोलीत सायंकाळपर्यंत बसलो आहे.